टेनिस, चष्मा आणि ‘अनब्रेकेबल’चा घोळ

चष्मा लावून टेनिस खेळणारे आधीही होते, पण या गोष्टीची सुरुवात १९५४च्या विम्बल्डनपासून केलेली बरी. त्या वर्षीच्या पुरुष एकेरीच्या विजेत्याच्या डोळ्याला पूर्वी आइस हॉकी खेळताना इजा झाली होती आणि तो नंबरचा, गडद काचांचा चष्मा लावूनच खेळायचा. तिथल्या पुरुष एकेरीत चष्म्यासकट जिंकलेला आजवरचा तो एकटाच. महिलांमध्ये मात्र साठ-सत्तरच्या दशकांत जाड भिंगांची एक अमेरिकन विजेती वर्षानुवर्षं गाजली.

तो विजेता जन्मानं प्रागचा. ऐंशीच्या दशकात चष्मा लावून जिंकणारी डावखुरी विजेतीही प्रागचीच. आणि चष्म्याला पर्याय ठरलेली सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही तिथलीच. १९६१च्या नाताळात एका रसायनशास्त्रज्ञानं मुलांच्या जोडणीच्या खेळण्याला सायकलचा डायनॅमो लावून घरातच ती बनवली. १९६८ची अमेरिकन स्पर्धा चष्म्यात जिंकणारा खेळाडू १९७५ साली विम्बल्डनला उतरला तेव्हा त्याच्या नाकावर चष्मा नव्हता, डोळ्यांत लेन्स होत्या. मधल्या काळात, १९७२मध्ये, पिवळा चेंडू आला. तोही खेळणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी नाही, रंगीत टीव्हीवर नीट दिसावा म्हणून. विम्बल्डननं तो स्वीकारायला १९८६ उजाडलं.

आपल्याकडचा खरा घोळ आहे चष्म्याच्या दुकानातला. ‘काच की फायबर?’ असं काउंटरवर विचारतात. फायबर म्हटलं की ‘अनब्रेकेबल आहे, बिनधास्त खेळा’ हे ओघानं येतंच. वास्तविक हे फायबर म्हणजे बहुतेक वेळा सीआर-३९ नावाचं प्लॅस्टिक. ते १९४०च्या सुमारास अमेरिकेत तयार झालं आणि काचेपेक्षा जवळपास निम्म्या वजनामुळे चष्म्यांत रुळलं. त्यात धागाबिगा काही नसतो. टेबलावरून फरशीवर पडलं तर ते टिकतं, पण जोरात चेंडू बसला तर त्याचे अणकुचीदार तुकडे होऊ शकतात. पॉलीकार्बोनेट हा वेगळाच पदार्थ. १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत तो एकमेकांच्या नकळत सापडला, अंतराळवीरांच्या हेल्मेटपर्यंत पोहोचला आणि नंबरच्या चष्म्यात सर्रास आला तो ऐंशीच्या दशकात. मार बसला की तो तडकण्याऐवजी दबतो. दुकानात मात्र दोघांचंही नाव ‘अनब्रेकेबल’.

हा गोंधळ केवळ दुकानदारांचा नाही. अमेरिकेत १९७२पासून चष्म्याची भिंगं मार सोसणारी असावीत असा नियम आला. कसोटी अशी, की जेमतेम १६ मिलिमीटरची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून भिंगावर सोडायची. सीआर-३९ त्यात पास होतं. पण तासाला १०० किलोमीटर वेगानं येणाऱ्या, ५८ ग्रॅमच्या टेनिसच्या चेंडूत त्या गोळीच्या शंभरपट ऊर्जा असते. चेंडू मऊ असतो हे मान्य, तरी रोजच्या वापराची कसोटी लोकांनी खेळाची कसोटी समजली ती समजलीच. रॅकेटच्या खेळांसाठी वेगळी, कडक मानकं पुढे झाली. त्यांत टेनिसही आहे, पण सामन्यात तसा चष्मा लावण्याची सक्ती नाही. युक्तिवाद असा, की स्क्वॉशचा ४ सेंटिमीटरचा चेंडू डोळ्याच्या खोबणीत घुसतो, टेनिसचा साडेसहा सेंटिमीटरचा अडतो. डबल्सला नेटवर उभं राहून समोरच्याचा स्मॅश अंगावर घेतलेल्यानं हा युक्तिवाद करून दाखवावा.

पॉलीकार्बोनेटही निर्दोष नाही. त्यावर चरे लवकर पडतात, म्हणून हार्ड कोटिंग लागतं आणि घाम शर्टाच्या टोकानं पुसायची सवय सोडावी लागते. मोठ्या नंबरात कडेनं पाहिलं तर रंगांची झालर दिसते. २०१८मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या कोरियन खेळाडूच्या पांढऱ्या फ्रेमनंतर स्पोर्ट्स चष्म्याची थट्टा जरा कमी झाली, एवढं खरं.

चाळिशीनंतरच्या क्लब खेळाडूची अडचण मात्र त्याहून साधी आहे. ऑफिसचा प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच भिंगात वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर असलेला, तसाच कोर्टावर येतो. बुटापाशी आलेला चेंडू टप्पा पडण्याआधीच मारायला, म्हणजे व्हॉलीसाठी, नजर खाली गेली की ती भिंगाच्या वाचायच्या भागातून जाते आणि चेंडू ऐन वेळी धूसर होतो. त्यावर उपाय म्हणजे फक्त लांबच्या नंबरचा, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला दुसरा चष्मा. तो लावला की घड्याळातले बारीक आकडे दिसत नाहीत. वेळ पार्टनरला विचारावी लागते.