टॅनिसाइट आणि ‘टाइप थ्री’चा घोळ

मेंदूतल्या टॅनिसाइट पेशींना हे नाव मिळालं १९५४ मध्ये, तेही शार्कवर्गी माशांच्या मेंदूवरच्या एका जर्मन लेखातून. मुळातला ग्रीक शब्द आपल्या ‘ताणणे’च्याच कुळातला. पेशी दिसतातही तशाच: भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाजवळच्या पोकळीच्या कडेला एक टोक मेंदूतल्या द्रवात आणि लांबलचक शेपटी थेट रक्तवाहिनीला टेकलेली. मेंदू आणि साखरेचा संबंध त्याहून जुना. सशाच्या मेंदूत ठरावीक जागी सुई टोचली की लघवीत साखर उतरते, हे पॅरिसमध्ये १८४९ सालीच दिसलं होतं.

खरा गोंधळ घातला तो २००५ मधल्या एका नावाने. अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत इन्सुलिनची यंत्रणा ढासळलेली आढळली, आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी या आजाराला ‘टाइप थ्री डायबेटिस’ म्हणावं असं सुचवलं. नाव चटकदार, पण जागा रिकामी नव्हती. मधुमेहाच्या १९९७ च्या वर्गीकरणात तिसरा गट ‘इतर विशिष्ट प्रकारां’चा आधीच होता. स्वादुपिंडाच्या आजारातून येणारा मधुमेह त्यातल्याच ‘सी’ उपगटातला, म्हणून तो ‘थ्री सी’. केरळमध्ये स्वादुपिंडात खडे होऊन ज्यांना मधुमेह जडतो, ते रुग्ण याच खान्यातले. त्यांच्या फाइलवरचा ‘थ्री सी’ वाचून कुणी विस्मरणाची धास्ती घेतली, तर दोष कुणाचा? अधिकृत वर्गीकरणात अल्झायमर आजही नाही. मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त, हे खरं. पण अल्झायमर झालेल्या कित्येकांची साखर आयुष्यभर नॉर्मल असते. व्हॉट्सॲपवर मात्र नावच फिरतं.

टॅनिसाइट पुन्हा चर्चेत आल्या त्या गेल्या दहा-बारा वर्षांत. २०१४ मध्ये उंदरांत लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक, तर २०२२ मध्ये लिराग्लुटाइड हे मधुमेहाचं औषध या पेशींच्या वाटेने मेंदूत जाताना दिसलं. अल्झायमरमध्ये साचणारं टाऊ प्रथिन बाहेर काढण्यातही त्यांचा हात असावा, असा अलीकडचा कयास आहे.

अल्झायमरवरच्या उपचारांची गाडी मात्र अडली. नाकातून इन्सुलिन देण्याच्या अमेरिकी चाचणीत फवारणीचं यंत्रच बेभरवशाचं निघालं, ते मध्येच बदलावं लागलं. २०२० च्या निकालात मुख्य गटाला फायदा दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या लिराग्लुटाइडच्याच जातीच्या औषधाच्या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल आला. सुमारे ३,८०० रुग्ण, दोन वर्षं. तपासण्यांतले काही आकडे सुधारले, पण विस्मरणाचा वेग कमी झाला नाही. औषध मेंदूत मुळात किती पोचतं, हा वाद त्यानंतर पुन्हा उकरला गेलाय.