आयन-रेणू अभिक्रिया (साध्या हायड्रोकार्बनांच्या)

विरळ वायूत विद्युतभारित आयन मिथेन, ईथेन, ॲसिटिलीन यांसारख्या साध्या हायड्रोकार्बन रेणूवर आदळला की घडणाऱ्या अभिक्रिया.

पुण्यात अनेक घरी नळाने येणारा गॅस मुख्यतः मिथेनच असतो. ठिणगी दिल्याशिवाय तो हवेतल्या ऑक्सिजनला दाद देत नाही. त्याचा एक कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात. समोर आयन आला की चित्र पालटते. आयनाच्या भारामुळे रेणूतले इलेक्ट्रॉन किंचित सरकतात, रेणू त्याच्याकडे खेचला जातो आणि या ओढीतून मिळालेली ऊर्जा वाटेतला अडथळा ओलांडायला बहुधा पुरते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांच्या १९०५ च्या सिद्धांतानुसार अशा टकरींचा वेग-स्थिरांक (अभिक्रिया किती झपाट्याने होते याचे माप) सुमारे एक अब्जांश घन सेंटिमीटर प्रतिसेकंद असतो, मग तापमान कितीही असो.

सर्वांत मनोवेधक उदाहरण मिथेनचेच. इलेक्ट्रॉन गमावलेला मिथेन आयन मिथेनला भिडला की मेथिल मूलक (एक कार्बन, तीन हायड्रोजन) सुटतो आणि मिथेनियम आयन उरतो. ताल्रोझे आणि ल्युबिमोवा या सोव्हिएत रसायनज्ञांनी तो १९५२ मध्ये दाखवला. कार्बनाची संयुजा चार, पण इथे एका कार्बनाभोवती पाच हायड्रोजन! ते सतत जागा बदलत राहतात; म्हणूनच १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा अवरक्त वर्णपट उलगडणे फार जड गेले.

१९६६ मध्ये मन्सन व फील्ड या रसायनज्ञांनी याच अभिक्रियांवर रासायनिक आयनीकरणाची, म्हणजे आयनांकरवी नमुन्याला भारित करण्याची, पद्धत उभारली. मास स्पेक्ट्रोमीटरच्या (आयनांचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाच्या) कक्षात मिथेन भरला की १७, २९ आणि ४१ वस्तुमानांवर शिखरे दिसतात. यांपैकी १७ म्हणजे मिथेनियम. तो आपला प्रोटॉन नमुन्याला देतो आणि नमुन्याचा रेणू फारसा न फुटता एकने जड होऊन नोंदला जातो. पाण्याला प्रोटॉनची ओढ मिथेनपेक्षा बरीच जास्त असल्याने पुण्याच्या पावसाळी दिवसांत दमट हवा कक्षात झिरपली, तर १९ वर शिखर उगवते. तेव्हा आधी गळती शोधावी.

गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत ज्या आंतरतारकीय द्रव्याचा अभ्यास होतो, त्या अतिशीत ढगांतही हेच रसायन चालते. कार्बन आयन मिथेनशी संयोग पावून दोन कार्बनांचे आयन घडवतो. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने मृग तारकासमूहातल्या एका ग्रहजनक तबकडीत मेथिल आयन टिपला. मुबलक हायड्रोजनशी तो फारशी अभिक्रिया करत नाही, इतर रेणूंशी मात्र सहज करतो.