कोळंबीचं पाकीट: बर्फ किती, कोळंबी किती?

पाकिटावर ‘500 ग्रॅम’ छापलेलं असतं आणि कढईत जेमतेम दीड वाटी कोळंबी उरते. मधलं वजन तीन वाटांनी जातं: वरचा बर्फ, आत मुरवलेलं पाणी आणि शिजताना सुटणारा रस. तिसऱ्याला इलाज नाही. पहिल्या दोघांचा हिशेब मात्र मागता येतो.

एकेक नग सुटा गोठवला की कोळंबी थंड पाण्यात बुडवतात किंवा तिच्यावर पाणी फवारतात. त्याने बसणारा बर्फाचा पातळ लेप म्हणजे ग्लेझ. तो हवाच. नसेल तर शीतगृहाच्या कोरड्या हवेत कोळंबीतलं पाणी उडून जातं, कडा पांढऱ्या पडतात, मांस चिवट होतं. पण त्यासाठी वजनाच्या दहाएक टक्के लेप पुरतो. तो पंचवीस-तीस टक्क्यांवर गेला की गिऱ्हाईक बर्फाला कोळंबीचा भाव मोजतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार निव्वळ वजन लेप वगळूनच लिहायचं असतं.

हे घरी तपासता येतं. गोठलेला माल तसाच वजन करा. मग चाळणीत घेऊन नळाच्या थंड पाण्याखाली हलवत राहा. बोटाला लागणारा गुळगुळीतपणा गेला की लगेच थांबा. आतून वितळू दिलं तर रसही वाहून जातो आणि हिशेब चुकतो. दोन मिनिटं निथळून, फडक्याने टिपून पुन्हा वजन करा. आधी 600 ग्रॅम आणि आता 480 भरले, तर लेप 20 टक्के. पाकिटावर निव्वळ 500 लिहिलं असेल, तर 20 ग्रॅम तुमचे गेले.

दुसरी गल्लत ‘31/40’ सारख्या आकड्यांत होते. डोकं काढलेल्या कोळंबीसाठी हा एका पौंडात, म्हणजे 453.6 ग्रॅममध्ये किती नग बसतात त्याचा आकडा असतो. एक कोळंबी साधारण 11 ते 15 ग्रॅमची. अख्ख्या, डोक्यासकट कोळंबीचा आकडा मात्र किलोवर मोजतात. तिथे ‘30/40’ म्हणजे 25 ते 33 ग्रॅमचा नग. आकडे जवळपास सारखे, माल वेगळा! भाव ताडून पाहताना हेही धरा, की डोकं काढल्यावर अख्ख्या किलोतले 600 ते 650 ग्रॅमच उरतात आणि सोलल्यावर त्याहून कमी.

मुरवलेलं पाणी धुऊन निघत नाही. फॉस्फेटच्या द्रावणात कोळंबी ठेवली की तिची प्रथिनं जास्त पाणी धरतात. बेताने वापरलं तर वितळताना रस कमी गळतो. अती झालं की कच्ची कोळंबी काचेसारखी दिसते, शिजल्यावर रबरासारखी लागते आणि कढईत पाणी सुटतं. घटकांच्या यादीत ‘451’ शोधा, तो फॉस्फेटचा आकडा. ‘223’ दिसलं तर ते सोडियम मेटाबायसल्फाइट, डोक्याकडून काळे डाग पडू नयेत म्हणून घातलेलं. काळे डाग जंतूंमुळे नाही, कोळंबीच्याच विकरामुळे (एन्झाइममुळे) पडतात. सल्फाइटने दमा उसळणाऱ्यांनी हा आकडा टाळावा.

आता कोळंबी आली कुठून? ‘व्हॅनामी’ लिहिलं असेल तर ती तळ्यातली. ही जात मूळ अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची, भारतात तिची व्यापारी शेती 2009 पासून. तळ्यातल्या मालात धास्ती असते ती प्रतिजैविकांची. त्यातल्या नायट्रोफ्युरान गटाचे अवशेष मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसतात आणि शिजवून जात नाहीत. म्हणून निर्यातीचा माल तपासावा लागतो; 2016 मध्ये युरोपीय संघाने भारताच्या तळ्यातल्या कोळंबीच्या निम्म्या खेपा सीमेवर तपासायचं ठरवलं.

करंदी समुद्रातली. टायगर दोन्हीकडून येते, तेव्हा विचारून घ्यावं. समुद्रातल्या मालाचं दुखणं वेगळं: बोटीमागे ओढत नेलेल्या ट्रॉलच्या जाळ्यात कासव अडकलं की त्याला श्वासासाठी वर येता येत नाही. वेळासला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं हीच. याच कारणाने 2019 पासून अमेरिकेने भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला दार बंद केलं. उपाय साधा आहे: जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली सळ्यांची चौकट. सळ्यांमधून कोळंबी मागे जाते, कासव सळ्यांवर आपटून झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतातल्या ट्रॉलरसाठी अशी चौकट बनवली आहे. झडपेतून थोडी मासळीही निसटते, आणि ट्रॉलरवाल्यांचा आक्षेप नेमका तिथेच आहे.