चेन तेलाने ओली दिसलीच पाहिजे का?

"सायकलची चेन तेलाने जितकी ओली, तितकी ती जास्त टिकते," हा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे आणि तो मनापासूनच दिला जातो. प्रत्यक्षात वंगण लागते ते पिन (कड्या जोडणारी खीळ) आणि रोलर (तिच्याभोवती फिरणारी छोटी नळी) जिथे घासतात त्या आतल्या फटींत. बाहेर उरलेल्या तेलावर परभणी-लातूरकडच्या काळ्या रानाची धूळ बसते आणि तो लेप आत शिरून पॉलिश पेपरसारखे पोलाद झिजवतो. जळके ऑइल तर सोबत धातूचा कीसच आणते, म्हणून ते टाळावेच.

चेनवरचा काळा थर चिमटीत चोळून पाहावा, कचकच बोटांना जाणवते. झीज मोजायची असेल, तर एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर नव्या चेनमध्ये 304.8 मिमी भरते, ते 306.5 मिमीच्या आसपास गेले, की चेन बदलावी.

तेलाऐवजी चेनला वितळवलेले मेणही लावता येते. मेण कोरडे राहत असल्याने धूळ कमी धरते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात मला तेच योग्य वाटते. पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचे मेण, साधारण 50 अंशांच्या पुढे वितळते, म्हणून 43 अंशांच्या हवेत ते गळून जात नाही. मात्र आधी चेनवरचे सगळे तेल काढावे लागते आणि मेण थेट जाळावर न ठेवता गरम पाण्यातल्या भांड्यात वितळवावे लागते. पावसाळ्यात तेल बरे: प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटे फिरवणे आणि मग बाहेरून कोरडे पुसणे.