घोड्यांतील जीवाणुजन्य श्वसनरोगांचे निदान

ताप, खोकला व नाकातून पुवाळ स्राव असलेल्या घोड्यात रोगकारक जीवाणू कोणता हे ठरविण्याची पद्धती. नागपुरात ऐन उन्हाळ्यात, पारा ४५° से.च्या आसपास असताना लग्नसराई चालते. वरातीहून आलेल्या घोड्याचे तापमान सावलीतील विश्रांतीनंतरच मोजावे. निरोगी प्रौढ घोड्यात ते साधारण ३७.५° ते ३८.५° से. असते.

जबड्याखालील लसीका ग्रंथी सुजून पिकल्यास स्ट्रँगल्स या सांसर्गिक रोगाचा संशय घेतात. या रोगाचे यूरोपातील वर्णन तेराव्या शतकाच्या मध्याचे (जॉर्डानस रुफस, सु. १२५१) मानले जाते. शुत्स यांनी १८८८ मध्ये त्याचा जीवाणू वेगळा केला. हा जीवाणू, स्ट्रेप्टोकॉकस इक्वी, झूएपिडेमिकस या उपजातीच्या पूर्वजापासून उत्क्रांत झाला, असे जनुकीय पुराव्यावरून बहुतेक तज्ज्ञ मानतात. निदानातील अडचण या नात्यातूनच येते. झूएपिडेमिकस निरोगी घोड्याच्या घशातही राहतो आणि रक्त-आगरावर (जीवाणू वाढविण्याच्या रक्तमिश्रित माध्यमावर) दोघांच्या वसाहतींभोवती सारखेच स्वच्छ वलय दिसते. मात्र झूएपिडेमिकस लॅक्टोज व सॉर्बिटॉल आंबवतो, इक्वी आंबवत नाही. जीवाणूचे डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी अधिक संवेदनक्षम असली, तरी ती मृत जीवाणूही दाखवते. जीवाणू नाकातून बाहेर पडू लागतो तो ताप आल्यावर दोन-तीन दिवसांनी. त्यामुळे पहिल्या दिवशी नाकातून कापसाच्या फायाने घेतलेल्या नमुन्याच्या नकारार्थी निकालावर विसंबू नये. बरे होऊनही जीवाणू बाळगणाऱ्या वाहक घोड्यांसाठी काही जण आठवड्याच्या अंतराने तीनदा नाक-घशाचे धुवण तपासतात. अंतर्दर्शक नळीने (एंडोस्कोपने) गटरल पाउचमधून (घशालगतच्या हवेच्या पिशवीतून) घेतलेले धुवण अधिक खात्रीचे दिसते.

फुप्फुसदाहात नाकाचा फाया फारसा उपयोगी नाही, श्वासनलिकेचे धुवण लागते. एक ते सहा महिन्यांच्या शिंगरांत ऱ्होडोकॉकस इक्वी हा वेगळा जीवाणू शोधावा.

ग्लँडर्स हा घोडा, गाढव व खेचर यांचा जीवाणुजन्य रोग माणसालाही होतो, म्हणून संशय येताच घोडा वेगळा बांधून पशुसंवर्धन खात्याला कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्याने ते बंधनकारक आहे. महाराष्ट्रात हा रोग २००६ मध्ये पुन्हा आढळला. निदान रक्तजलावर (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवावर) होते व त्यात हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे काम महत्त्वाचे आहे. रक्तजलातील प्रतिपिंडे शोधणारी पूरक-बंधन चाचणी जुनी व मान्यताप्राप्त आहे. पण गाढवे व खेचरे यांच्या रक्तजलात ती अनेकदा वाचता येत नाही. अशा वेळी एलायझा ही प्रतिपिंडे शोधणारी दुसरी चाचणी सरस ठरते. मॅलीन चाचणीत खालच्या पापणीत ०.१ मिलि. मॅलीन (ग्लँडर्सच्या जीवाणूपासून काढलेला प्रथिनयुक्त अर्क) टोचून २४ व ४८ तासांनी सूज पाहतात. या टोचणीनंतर रक्तजल चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते, म्हणून रक्त आधीच काढून ठेवावे.