सिरीज बोर्डचा दिवा काय सांगतो

विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या दुकानात इस्त्री नेऊन दिली, तर जाणता कारागीर ती थेट प्लगला लावत नाही. त्याच्या टेबलावर एक लाकडी बोर्ड असतो, त्यावर 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा आणि शेजारी एक सॉकेट. त्या सॉकेटमध्ये तो इस्त्रीची पिन खोचतो आणि नजर मात्र दिव्यावर ठेवतो. हा सिरीज बोर्ड. विद्युत मंडलाचे नियम इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

यात फेजची तार आधी दिव्यातून, मग इस्त्रीतून जाते आणि शेवटी न्यूट्रलला मिळते. वाट एकच असल्यामुळे दोन्हींतून सारखाच प्रवाह वाहतो. दिवा थोडा प्रवाह खातो आणि उरलेला पुढे जातो, ही समजूत शाळा सुटल्यावरही अनेकांच्या मनात टिकून असते, पण ती चूक आहे. दोघांत वाटला जातो तो 230 व्होल्टचा दाब, आणि ज्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, जास्त त्याच्या वाट्याला दाबही जास्त येतो. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, हे जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी 1827 मध्ये प्रसिद्ध केले. बोर्डवरचे सगळे गणित तेवढ्यावरच चालते.

पूर्ण पेटलेला 100 वॅटचा दिवा सुमारे 0.43 अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याच्या तापलेल्या तंतूचा रोध 529 ओहमच्या आसपास असतो. (गार तंतूचा रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो, म्हणूनच असे दिवे बहुतेकदा बटण दाबताक्षणी जातात.) 1000 वॅटच्या इस्त्रीच्या कॉइलचा रोध सुमारे 53 ओहम. दोन्ही एकसर (सिरीजमध्ये) जोडल्यावर प्रवाह साधारण 0.4 अँपिअर होतो, इस्त्रीच्या वाट्याला जेमतेम 21 व्होल्ट येतात आणि बाकीचा दाब दिव्यावर पडतो. दिवा किंचित मंद पेटतो, इस्त्री मात्र नीट गरमही होत नाही.

कॉइल तुटलेली असेल तर वाटच खंडित होते आणि दिवा पेटत नाही. आत शॉर्ट असेल, म्हणजे कॉइल टाळून तारा एकमेकींना थेट भिडल्या असतील, तर सगळा दाब दिव्यावर येतो आणि तो पूर्ण तेजाने पेटतो. तीच शॉर्ट झालेली इस्त्री थेट लाइनवर लावली असती तर शेकडो अँपिअर प्रवाह उसळून एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला असता. इथे दिव्याचा रोध तो 0.43 अँपिअरवर अडवून धरतो. ‘किंचित मंद’ आणि ‘पूर्ण’ यांतला फरक ओळखायला कसलेली नजर लागते. 200 वॅटचा दिवा लावला तर त्याचा रोध निम्मा असल्याने हा फरक अधिक ठळक दिसतो.

हा दिवा यंत्राला जपतो, माणसाला नाही. शिकाऊ मुले ‘सिरीजवर आहे, शॉक बसणार नाही’ असे म्हणताना मी ऐकले आहे आणि दर वेळी धास्तावलो आहे. शरीराचा रोध बहुधा हजार ओहमच्या वर असतो आणि उघड्या तारेला हात लागतो तेव्हा दिव्याचा तंतू गार असतो. त्यामुळे जवळजवळ सगळा दाब शरीरावरच पडतो. अशा वेळी 100 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. तो जीव घ्यायला पुरेसा आहे, पण तेवढ्याने दिव्याचा तंतू लालही होत नाही.