ट्रेकहून आलेलं मूल कोणाच्या हातात द्यायचं? पिकअप फॉर्म, कोण येऊ शकतं आणि काय आणायचं

रविवारच्या रोहिडा किल्ल्याच्या ट्रेकला ज्यांनी मुलांची नावं दिलीयेत त्यांनी हे नीट वाचा, कारण फी भरली म्हणजे नाव पक्कं झालं असं नाही, पिकअप फॉर्म गुरुवारी रात्रीपर्यंत आला तरच सीट धरली जाते.

फॉर्ममध्ये आई-बाबांचे दोन्ही मोबाईल नंबर लिहायचे आणि त्यांच्याशिवाय अजून दोन जणांची नावं आणि नंबर द्यायचे जे मुलाला न्यायला येऊ शकतील. हे दोघं 18 पूर्ण असलेच पाहिजेत, म्हणजे अकरावीतली ताई कितीही जबाबदार असली तरी नाही चालणार. रिक्षावाले काका येणार असतील तर त्यांचं नावही याच दोघांत घाला आणि रिक्षाचा नंबर लिहा. येणाऱ्याने फोटोवालं ओरिजिनल ओळखपत्र आणायचं, लायसन्स, मतदान कार्ड, पॅन काहीही चालेल, आधार आणलंत तर मास्क्ड आणा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात आणि आम्हाला तेवढे पुरतात. झेरॉक्स नको, आम्ही कार्ड बघतो आणि लगेच परत देतो.

आई-बाबा वेगळे राहत असतील आणि मुलाच्या ताब्याबद्दल कोर्टाची ऑर्डर असेल तर तिची कॉपी आधीच द्या प्लीज. ऑर्डर नसताना 'बाबांना देऊ नका' असं नुसतं फोनवर सांगितलं तर बसच्या दारात उभं राहून आम्ही तो निर्णय नाही घेऊ शकत.

आता बसचं. किल्ल्याच्या पायथ्याच्या बाजारवाडीतून 4 वाजता निघतो, भोर, कापूरहोळ करत हायवेला लागतो, पण रविवार संध्याकाळचा खेड शिवापूर टोलनाका तुम्हाला माहितीये, त्यामुळे स्वारगेटला नक्की किती वाजता पोचू ते टोल ओलांडल्यावरच कळवतो. मधे कुठेही उतरवणार नाही, घर रस्त्यात असलं तरी. एकदा एका मुलीच्या बाबांचा फोन आला म्हणून आम्ही तिला कात्रजला त्यांच्याकडे दिलं आणि इकडे तिची आई स्वारगेटला थांबलेली, तिला कोणीच सांगितलं नव्हतं. बसमधून सगळी मुलं उतरली, तिची नाही उतरली. त्या माऊलीचा तेव्हाचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे, चूक आमची होती, तेव्हापासून हा नियम आहे.

स्वारगेटला मुलं बसमध्येच बसतात, एकेकाचं नाव पुकारतो, न्यायला आलेला माणूस यादीत बघतो, कार्ड बघतो, वेळ टाकून सही घेतो आणि मगच मूल खाली उतरतं. 'अहो तो मला ओळखतो की' हे पुरेसं नाही. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा मामाला खिडकीतून बघून 'मामा मामा' ओरडत चिखलाच्या बुटांनी दाराशी पळाला, मामा खराच होता, पण यादीत नव्हता आणि आईचा फोन लागेना. पंचवीस मिनिटं थांबवलं, मामा भडकला, पोरगं रडवेलं झालं. आईचा फोन आल्यावरच सोडलं आणि परत तसं झालं तरी तेच करू, कारण मूल ज्याला ओळखतं त्याच्याबरोबर जायची घरच्यांची परवानगी आहे असं होत नाही.

ऐनवेळी माणूस बदलला तर आई किंवा बाबांनी फॉर्मवरच्या नंबरवरून फोन करायचा, आम्ही त्याच नंबरवर उलटा फोन करून खात्री करतो. नवीन नंबरवरून आलेला व्हॉट्सॲप मेसेज धरत नाही.

कोणीच आलं नाही तर आमचे दोन स्वयंसेवक मुलाबरोबर थांबतात, एकटा कधीच नाही, आणि कोणीही आपल्या बाईकवरून मुलाला घरी सोडत नाही. अर्ध्या तासाने चारही नंबर पुन्हा फिरवतो, तासाभरात कोणाशीच संपर्क झाला नाही तर 112 ला कळवतो. मुलांसाठीची 1098 हेल्पलाईनपण चोवीस तास फ्री आहे, हे दोन्ही नंबर मुलांना पाठ करून पाठवा.

प्रिंटर नसेल तर साध्या कागदावर सगळं लिहून फोटो पाठवला तरी चालेल, फक्त सही आई किंवा बाबांचीच हवी.